स्पेशल कुठला घेऊ?

ताई,

मी टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय प्राणिशास्त्र. राहायला धायरीला. लवकरच एम.एस्सी.चे फॉर्म भरायचे आहेत आणि घरात रोज रात्री जेवताना तोच विषय निघतो. बाबा म्हणतात बायोटेक कर, त्याला भाव आहे. मामा हिंजवडीला आयटीत आहे, त्याच्या मते बायोइन्फर्मेटिक्स सोडून बाकी सगळं आता संपलंय. वर्गातल्या मुली मायक्रोचं बोलतात, कारण पुण्यात लसींच्या आणि औषधांच्या कंपन्या आहेत. नुसत्या झूलॉजीला स्कोप नाही यावर मात्र सगळ्यांचं एकमत. आत्या म्हणते, कशाला डोक्याला ताप, बी.एड. करून मोकळी हो.

माझी अडचण अशी की मला एकच विषय मनापासून आवडतो असं नाही. जेनेटिक्स आवडतं, फिजिऑलॉजी आवडतं. गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघींनी आमच्या भागातल्या सोसायट्यांमध्ये डासांच्या अळ्या शोधायचा प्रोजेक्ट केला, तोही फार आवडला. पण डासांमध्ये कोणी करिअर करतं का? गणित मी अकरावीलाच सोडलं. बाबा दोन वर्षांनी रिटायर होतील, भाऊ दहावीत आहे, म्हणजे मला चुकून चालणार नाही. सगळ्यात जास्त स्कोप कशाला आहे तेवढं सांगा.

– गोंधळलेली, धायरी

*

अगं गोंधळलेल्या मुली,

तुझ्या घरात सगळे विषयांच्या नावांवर भांडताहेत. त्या विषयात शिरल्यावर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा तू नेमकं काय करत असशील, याबद्दल एकानेही तोंड उघडलेलं दिसत नाही. मला त्याबद्दलच बोलायचं आहे. पण नावांचा हिशेब आधी मिटवू या, कारण नावाचा फटकाही काही ठिकाणी बसतो आणि तो कुठे बसतो हे फॉर्म भरण्याआधी कळलेलं बरं.

संशोधनाच्या वाटेवर हा फटका जवळजवळ नाही. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा लाइफ सायन्सेसचा पेपर झूलॉजी, बॉटनी, मायक्रो, बायोटेक सगळ्यांना एकच असतो. अभ्यासक्रमात १३ घटक आहेत. पहिल्यात रेणू आणि त्यांच्या आंतरक्रिया, मधे कुठेतरी विकासजीवशास्त्र, वनस्पतींचं आणि प्राण्यांचं शरीरक्रियाशास्त्र, आनुवंशिकता, मग परिसंस्था, उत्क्रांती, आणि शेवटच्या घटकात प्रयोगपद्धती. तुझं स्पेशल कुठलंही असलं तरी त्यातलं निम्म्याहून अधिक तुला बाहेरूनच शिकावं लागणार. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची कनिष्ठ शिष्यवृत्ती, मिळाली तर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ शिष्यवृत्ती, झाली की ४२,०००. ही रक्कम बाबांना जरूर सांग. आणि तुझ्यासारख्या 'सगळंच थोडं थोडं' आवडणाऱ्या मुलीला या परीक्षेत फायदाच होतो. एकाच विषयात नाक खुपसून बसलेली मुलं इथे अडखळताना मी पाहिली आहेत.

फटका बसतो तो शिक्षकी पेशात आणि सरकारी जाहिरातींत. कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकाची जाहिरात 'प्राणिशास्त्र – एक पद' अशी येते आणि अर्जांच्या छाननीत तुझी एम.एस्सी. कशातली हे पाहिलं जातं. नेट-सेट झालेली बायोटेकची मुलगी तिथे बाहेर राहू शकते. बायोटेकचे स्वतःचे विभाग आहेत, पण बहुतेक कॉलेजांत ते विनाअनुदानित आहेत, म्हणजे तासिका तत्त्वावर किंवा वर्षावर्षाच्या करारावर. अन्न विश्लेषक व्हायचं असेल तर पात्रतेच्या यादीत सूक्ष्मजीवशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र आहे, प्राणिशास्त्र नाही. उलट भारतीय वन सेवेच्या परीक्षेला पदवीत जे विषय चालतात त्यात प्राणिशास्त्राचं आणि वनस्पतिशास्त्राचं नाव आहे, आणि ते तुझ्याकडे बी.एस्सी.लाच आलेलं आहे. पुढे तू कशातही एम.एस्सी. केलीस तरी ते दार उघडंच राहील.

एवढंच. नावाचं महत्त्व इथे संपतं.

आता दिवस कसा जातो ते पाहू. मायक्रोपासून सुरुवात करते, कारण पुण्यात त्याबद्दल सर्वाधिक बोललं जातं आणि ते उगाच नाही. १९६६ साली सुरू झालेली हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट डोसांच्या संख्येने जगातली सर्वांत मोठी लस उत्पादक आहे, हिंजवडीत जेनोव्हा आहे, शिवाय औषधं, दूध, पाणी, खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळा शहरभर पसरल्या आहेत. अशा ठिकाणी क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली की दिवस गाउनिंगपासून सुरू होतो. अंगावर नखशिखान्त पांढरा वेष, डोळे तेवढे उघडे. मग स्वच्छ खोल्यांमध्ये ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळ प्लेट उघड्या ठेवायच्या, इन्क्युबेट करायच्या, वसाहती मोजायच्या. निर्जंतुकतेची चाचणी लावली की १४ दिवस थांबायचं आणि रोज नळीत गढूळपणा दिसतोय का ते बघायचं. प्रत्येक नोंद त्याच क्षणी, पेनने. खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, सही, तारीख आणि कारण. पाळ्या असतात, रात्रपाळीही येते. सुरुवातीचा पगार बेताचा, पण कामाची शिस्त एकदा अंगात भिनली की दोन-तीन वर्षांत दुसरीकडे उडी मारता येते आणि पुण्यात उडी मारायला जागा आहेत.

हे वर्णन वाचून तुला कंटाळा आला की बरं वाटलं? प्रामाणिकपणे विचार कर. ज्यांना टापटीप, नेमकेपणा, एकच गोष्ट शंभरदा तशीच करणं यात आनंद मिळतो त्या मुली तिथे फुलतात. माझ्या विद्यार्थिनींपैकी काही जणी आज अशा विभागांच्या प्रमुख आहेत. ज्यांना दर आठवड्याला नवीन काहीतरी हवं असतं त्या सहा महिन्यांत राजीनामा देतात. मायक्रोची दुसरी बाजूही आहे, ती तुझ्या घराजवळ घडली. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात गुइलेन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा नमुन्यांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला तो एनआयव्हीच्या, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या, तपासणीत. विहिरी, टँकर, आरओ प्लांटचं पाणी तपासणारी माणसं तेव्हा सगळ्यांना हवी होती. मात्र एक व्यावहारिक खोडा आहे. मायक्रोच्या एम.एस्सी.ला बहुतेक ठिकाणी बी.एस्सी.ला मायक्रो विषय असावा लागतो. तुझ्या मैत्रिणींनी तो नियम वाचलाय का, त्यांनाच विचार.

बायोटेकबद्दल बाबांचं मत त्या वेळच्या वर्तमानपत्रांमधून आलं असावं. पंचवीस वर्षांपूर्वी प्रत्येक पालकाच्या तोंडी हाच शब्द होता आणि गल्लोगल्ली बायोटेकचे वर्ग निघाले. विषय वाईट नाही, उलट हत्यारं शिकवणारा आहे: पीसीआर, जेल, क्लोनिंग, पेशीसंवर्धन, प्रथिनं शुद्ध करणं. ही हत्यारं झूलॉजीवालीलाही लागतात, डासांवर काम करणारीलाही लागतात. रोजचं काम म्हणजे मायक्रोलिटरमध्ये मोजलेले थेंब, तासन्‌तास उभं राहणं आणि दहापैकी सहा वेळा जेलवर न आलेला डीएनएचा पट्टा, म्हणजे बँड. तो का आला नाही याचं कोडं सोडवायला ज्याला आवडतं त्याने जावं. पण प्रवेश कुठे घेतेस यावर सगळं अवलंबून आहे. गॅट-बी ही बायोटेकची प्रवेश परीक्षा देऊन केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा पाठिंबा असलेल्या विद्यापीठाच्या विभागात मिळालं तर डोळे झाकून जा. तिथे उपकरणं असतात, शिष्यवेतनाची सोय असते, मुख्य म्हणजे शेजारी काम करणारी माणसं असतात. तेच नाव लावलेल्या एखाद्या विनाअनुदानित वर्गाला भरमसाट फी भरून बसणार असशील आणि तिथलं एकमेव पीसीआर मशीन काचेआड झाकून ठेवलेलं असेल, तर बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशांची ती नासाडी आहे. अशा ठिकाणी प्रवेशाच्या चौकशीला जाशील तेव्हा माहितीपत्रक घेऊ नकोस. मशीनला विद्यार्थी हात लावतात का, गेल्या बॅचची मुलं आज कुठे आहेत आणि किती जणांनी प्रोजेक्ट बाहेरच्या संस्थेत केला, हे विचार. उत्तर देताना समोरचा चुळबुळ करू लागला तर चहा घेऊन घरी ये.

मामा चुकीचं बोलत नाही, पण त्याला त्याच्या खुर्चीतून दिसतं तेवढंच तो बोलतो. जीवशास्त्रात आज माहितीचा डोंगर झाला आहे हे खरं. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प २००३ साली संपला तेव्हा त्यामागे तेरा वर्षं गेली होती. आता एका माणसाचा जनुकसंच वाचायला काही दिवस पुरतात आणि वाचलेल्याचा अर्थ लावणारी माणसं कमी पडतात. पुण्यात यासाठी सोयही जुनी आहे. विद्यापीठातलं बायोइन्फर्मेटिक्स केंद्र १९८७ पासूनचं, आणि सी-डॅकमध्येही या विषयावर काम चालतं. पण दिवस कसा जातो? पडद्यासमोर. लिनक्स, प्रोग्रॅमिंगच्या पायथन आणि आर या भाषा, आणि संख्याशास्त्र. जीव समोर नसतो, त्याच्या अक्षरांच्या फायली असतात. अकरावीला गणित सोडलं म्हणून ही वाट बंद होत नाही, संख्याशास्त्र कुठल्याही वयात शिकता येतं. फक्त दोन वर्षं आणि फी पणाला लावण्याआधी एक महिना दे. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर प्रोग्रॅमिंगचे अभ्यासक्रम फुकट बघता येतात. एखादा घे, रोज एक तास बस. एका चुकलेल्या स्वल्पविरामासाठी दोन तास शोधाशोध करून शेवटी तो सापडल्यावर तुला हसू आलं की रडू, यावरून निकाल लागेल. रडू आलं तरी 'आर' तेवढं शिकून घेच. तुझ्या अळ्यांच्या मोजणीचा तक्ता एक्सेलमध्ये पडून असेल, त्याच्यावरच शीक.

आणि आता त्या अळ्या.

"डासांमध्ये कोणी करिअर करतं का," असं तू विचारलंस, आणि तेही पुण्यात राहून. अगं, तुझ्या शहरात याच कामासाठी संस्था उभी राहिली. १९५२ साली आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधन परिषद, आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं, तीच आजची एनआयव्ही. डास, गोचीड यांसारख्या कीटकांमधून पसरणारे विषाणू शोधणं हेच तिचं सुरुवातीचं काम. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासची माणसं तापाने आजारी पडू लागली, तेव्हा पुण्याहून गेलेल्या पथकांनी विषाणू शोधला आणि तो गोचिडांमधून पसरतो हेही दाखवलं. विषाणूवाल्यांना एकट्याने ते जमलं नसतं. कुठल्या गोचिडाची कुठली जात, ती कुठल्या महिन्यात पानांवर चढून बसते, कुठल्या प्राण्याचं रक्त पिते, हे सांगणारा प्राणिशास्त्रज्ञ सोबत हवाच होता. अलीकडचं बघ. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून वटवाघळं पकडून त्यांच्यात निपाह विषाणूचा माग काढला गेला. वटवाघूळ हातात धरून त्याची जात ओळखणं हे झूलॉजीचंच काम. जुलै २०२१ मध्ये डासांमधून पसरणाऱ्या झिकाचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. २०२४ च्या पावसाळ्यात झिका एरंडवण्यात पोचला. तेव्हा महापालिकेचे कीटक नियंत्रणवाले घरोघर तेच करत होते जे तू आणि तुझ्या मैत्रिणींनी केलं, फ्रिजचा ट्रे ओढायचा आणि कुंडीखालची ताटली उलटी करायची.

आरोग्य खात्यात कीटकशास्त्रज्ञ आणि कीटक समाहारक अशी पदं आहेत. डास मारायच्या कॉइल आणि लिक्विड बनवणाऱ्या कंपन्यांना डास पाळणारे, बंद खोलीत डास सोडून किती वेळात किती पडले ते मोजणारे लोक लागतात. गणेशखिंडीला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे कपाटंच्या कपाटं नमुन्यांनी भरलेली आहेत आणि त्यांच्याकडे बघणारी जाणती माणसं कमी होत चालली आहेत. वर्गीकरणाला मान नाही अशी ओरड जुनीच. पण सह्याद्रीतून आजही नव्या जाती वर्णन होतात आणि त्यातल्या कितीतरी पुण्यातल्या माणसांनी केल्या आहेत. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करावा लागतो, त्यासाठी सल्लागार संस्था परिसंस्था आणि जैवविविधतेचा जाणकार ठेवतात. हे काम मला स्वतःला फारसं आवडत नाही, कारण अहवाल कोणाला हवा तसा लिहिण्याचा दबाव येतो, पण पगार मिळतो आणि शेतात-रानात जाता येतं. तशी आवड असेल तर आबासाहेब गरवारे महाविद्यालयाची जैवविविधतेची एम.एस्सी. बघून ये.

कीटकशास्त्रात एक खड्डा मात्र आहे आणि तो तुला कोणी सांगणार नाही. पिकांवरच्या किडींचं जे मोठं सरकारी विश्व आहे, कृषी विद्यापीठं, आयसीएआरच्या, म्हणजे कृषी संशोधन परिषदेच्या, संस्था, कृषी अधिकारी, तिथे शेतीची पदवी असलेल्यांचा हक्क पहिला असतो. झूलॉजीतून एंटोमॉलॉजी स्पेशल केलेली मुलगी तिथे दारात उभी राहते. तुझी जागा आहे ती माणसांच्या आणि जनावरांच्या आजारांशी जोडलेल्या कीटकांमध्ये, किंवा मूलभूत संशोधनात, किंवा खासगी कंपनीत. एवढं माहीत करून घेऊन एंटोमॉलॉजी घेतलीस तर पुढे कपाळाला हात लावायची वेळ येणार नाही.

पण थांब, लगेच 'ठरलं, डासच' म्हणू नकोस. प्रोजेक्ट आवडला म्हणतेस, त्यातलं काय आवडलं? सूक्ष्मदर्शकाखाली अळी धरून श्वसननळी आखूड आहे की लांब ते बघणं, म्हणजे डास एडिस आहे की क्युलेक्स ते ओळखणं आवडलं असेल, तर तू वर्गीकरणाच्या, निरीक्षणाच्या जातीची आहेस. अनोळखी घराची बेल वाजवणं, काकूंना पटवणं, चेअरमनशी वाद घालणं यात मजा आली असेल तर तुझं मन सार्वजनिक आरोग्यात रमेल, आणि त्यासाठी एम.एस्सी.नंतर पब्लिक हेल्थची पदवी हा फार चांगला जोड आहे. कुठल्या सोसायटीत जास्त अळ्या आणि का, याचा तक्ता करताना रात्र कशी गेली कळलं नाही असं झालं असेल तर मामाच्या बोलण्याकडे पुन्हा एकदा लक्ष दे. आणि चौघी मिळून भर पावसात हिंडलात, मधे वडापाव खाल्लात, म्हणून आवडलं असेल तर तो मैत्रिणींचा गुण आहे, डासांचा नाही. हे तुझं तुलाच ठाऊक. तसंच जेनेटिक्सचं. पेपर आवडतो की तो शिकवणाऱ्या मॅडम आवडतात?

एका विषयावर जीव जडलेला नाही याची तू खंत करू नकोस. एकविसाव्या वर्षी ज्यांना सगळं ठाऊक असतं त्यांच्यापैकी बऱ्याच जणींनी बाकीचं काही करूनच पाहिलेलं नसतं. तुझं काम आता एवढंच की पुढच्या दोन महिन्यांत तीन-चार ठिकाणी जाऊन लोकांचे दिवस बघायचे. विद्यापीठात झूलॉजी आणि बायोटेकच्या विभागांत चक्कर मार, कॅन्टीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलांना चहा पाज आणि विचार, "काल दिवसभरात काय केलंत?" पाटी वाचून दुकानातल्या बाकरवडीची चव कळत नाही, पुण्यात वाढलेल्या मुलीला हे मी काय सांगायचं.

स्पेशलपेक्षा जास्त फरक ज्याने पडतो ती गोष्ट म्हणजे दुसऱ्या वर्षीचा प्रोजेक्ट आणि त्याचा गाइड. आता नव्या रचनेत एम.एस्सी.ला संशोधन प्रकल्प आहे, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आहे. बहुतेक मुलं ते वर्गातल्या वर्गात उरकतात. तू उरकू नकोस. विद्यापीठाच्या आवारातच एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची संस्था आहे, देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण तिथून जातात. आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था, पाषाणला एनसीएल आणि आयसर. एवढ्या संस्था सिटी बसच्या अंतरावर असणं ही चैन लातूर-नांदेडच्या मुलींना नाही, त्या इथे येऊन हॉस्टेलचा खर्च करून राहतात. जागा थोड्या असतात, तेव्हा सहा महिने आधी लिही. साठ जणांना एकच 'रिस्पेक्टेड सर' पाठवू नकोस, तशी पत्रं उघडताक्षणी कळतात. त्या व्यक्तीचा एक शोधनिबंध वाच, न समजलेल्या एका गोष्टीबद्दल विचार, अळ्यांच्या प्रोजेक्टबद्दल चार ओळी लिही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती असते, तिचे अर्ज दिवाळीच्या आसपास निघतात. पहिल्या वर्षाला असतानाच भर. पुढे पीएच.डी.ची मुलाखत असो की कंपनीतली, एंटोमॉलॉजी घेतलीस की फिजिऑलॉजी यावर कोणी दोन मिनिटंही घालवत नाही. प्रोजेक्टवर मात्र पाऊण तास उलटसुलट विचारतात.

आता पैशांचं. अनुदानित कॉलेजातली किंवा विद्यापीठातली झूलॉजीची एम.एस्सी. विनाअनुदानित बायोटेकच्या तुलनेत बरीच स्वस्त पडते, आणि तू घरी राहून ती करू शकतेस. पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडायचीही आता सोय आहे. मी ती वापरायला सांगणार नाही, पण घरात अचानक काही झालंच तर वर्ष वाया जाणार नाही. बाबा रिटायर होतील तेव्हा तुझी एम.एस्सी. संपत आलेली असेल. नेटचा अभ्यास पहिल्या सत्रापासून सुरू कर. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही बसता येतं. जेआरएफ झाली तर पीएच.डी. म्हणजे घरावरचं ओझं राहत नाही. नाही झाली तर क्यूसी, कंपनीतलं कीटकशास्त्र, प्रोजेक्ट असिस्टंट अशा जागा बघायच्या. क्लिनिकल रिसर्चच्या सहा महिन्यांच्या महागड्या डिप्लोमांच्या जाहिराती तुझ्या मोबाइलवर येतच असतील, त्यांच्या 'शंभर टक्के प्लेसमेंट'कडे दुर्लक्ष कर.

सल्ला हवाच आहे तर देते. गॅट-बीचा फॉर्म भर, अभ्यास करून दे. चांगल्या विभागात बायोटेक मिळालं तर घे आणि प्रोजेक्ट डासांवर किंवा विषाणूंवर कर. नाही मिळालं तर हळहळत न बसता झूलॉजीला जा, स्पेशल एंटोमॉलॉजी किंवा जेनेटिक्स, जिथे शिकवणारी व्यक्ती स्वतः संशोधन करत असेल ते. बायोइन्फर्मेटिक्सची पदवी आत्ता नको, त्यातली कौशल्यं हवीत. मायक्रो तुझ्या पात्रतेत बसत असेल आणि वरचं गाउनिंगचं वर्णन वाचून तुला बरं वाटलं असेल तरच.

राहिली आत्या. तिला हसू नकोस, पक्क्या नोकरीचा तिचा विचार चुकीचा नाही. पण कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायला एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही लागतात, नुसत्या बी.एस्सी. बी.एड.वर शाळेपर्यंतच जाता येतं. शिवाय शिक्षकभरती आता अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलमधून होते, आणि तिचं वेळापत्रक लागेल तेव्हा लागतं. बी.एड.ची दोन वर्षं एम.एस्सी.नंतरही घालता येतील, तोवर शिकवायला आवडतं का तेही कळलेलं असेल. आत्याला सांग, तिचा पर्याय यादीतून काढलेला नाही, फक्त क्रमाने खाली आहे.